न ऐकू आलेली हार

मित्रांनो, माझा वास आधी येतो आणि मग मी दिसते, तेव्हा नाकाला रुमाल लावूनच ऐका. मी एक जुनी मॅट आहे. ऑकलंडच्या मांगेरे भागात, आसोमुआ नावाच्या कोचच्या गॅरेजात माझा जन्म सरला. माझा निळा रंग कधीच उडाला आहे आणि कोपरे चिकटपट्टीच्या जिवावर टिकून आहेत.

कारखान्यात फोमच्या जाड थरावर रेक्झिन चढवून मला शिवलं. आधी मी एका शाळेत होते. शाळेला नव्या मॅट मिळाल्या तेव्हा आसोमुआने मला व्हॅनच्या टपावर बांधून घरी आणलं. त्याच्या बायकोने, लोसाने, कपाळावर हात मारला.

"अहो, मग गाडी कुठे लावायची?"

"बाहेर. पावसात विरघळते की काय गाडी?"

असा माझा गृहप्रवेश झाला. मग माझ्यावर एमएमएचे, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सचे, धडे सुरू झाले. या खेळात ठोसे आणि लाथा चालतात, पण दोघे खाली कोसळले की खेळ माझ्या अंगावर येतो. तिथे दोन वाटा असतात. एक ताब्याची. समोरच्याच्या छातीवर वजन टाकायचं, त्याला घंटा होईपर्यंत उठू द्यायचं नाही आणि पंचांकडून गुण घ्यायचे. दुसरी वाट शरण आणण्याची. हात नाहीतर गळा असा धरायचा की त्याने स्वतःच मॅटवर हात आपटून हार मानली पाहिजे. हात आपटला की त्याच क्षणी सोडायचं. हा नियम आमच्याकडे प्रार्थनेसारखा पाळत. आपटलेला हात सगळ्यांत आधी मला कळायचा, आणि खरं सांगते, याचा मला गर्व होता.

आसोमुआ शरण आणणाऱ्यांतला. त्याचा मुलगा फेतू मात्र ताबेवाला. तो वर बसला की डोंगर बसला म्हणायचं. पण सामना संपवायचा नाही. बाप बाहेरून ओरडायचा, "अंडी उबवतोयस का रे? संपव की!"

"जिंकलो ना, बाबा."

"पंचांनी जिंकवलं तुला. उद्या तेच हरवतील, तेव्हा कुणाकडे बघशील?"

सगळ्यांना वाटायचं फेतू मऊ आहे. मला तसं कधीच वाटलं नाही. लहानपणापासून तो बापाबरोबरच सराव करायचा, आणि त्या घरात बापाचं ताट वाढल्याशिवाय मुलं घास घेत नसत. चारचौघांत बापाला हात आपटायला लावणं त्याच्याकडून व्हायचंच नाही. गळा हातात आला की त्याची पकड हळूच सैल पडायची, आणि तो नुसता दाबून बसायचा. ही सवय इतकी मुरली, की परक्या माणसाचा गळा हाती लागला तरी त्याचा हात सैल पडू लागला.

मग ब्रिस्बेनच्या एका मोठ्या स्पर्धेने आमच्याकडून एक लढवय्या मागितला. फेतू कित्येक वर्षं याच बोलावण्याची वाट पाहत होता. शनिवारी सकाळी आसोमुआ सगळ्या शिष्यांसमोर माझ्यावर उभा राहिला.

"मला शरण आण, फेतू. तुझं नाव कळवतो. नाही जमलं तर रानिएरा जाईल."

रानिएरा म्हणजे दुसरा शिष्य. तो बिचारा अवघडला. "कोच, मला कशाला ओढता तुमच्या घरच्या भांडणात?"

"तू गप रे."

बापलेक भिडले. धडपडत खाली आले. फेतू बापाच्या पाठीला चिकटला आणि त्याने मागून गळ्याभोवती हात घातला. या वेळी पकड सैल पडली नाही. आसोमुआचा उजवा हात त्याच्याच मांडीखाली अडकला होता, आणि त्या हाताची बोटं मला लागली. थप, थप, थप. अगदी हळू, झोपलेल्या बाळाला थोपटावं तशी. डावा हात मोकळा होता. तो त्याने उचलला नाही, कारण सगळे बघत होते.

त्याच क्षणी फेतूने हात काढला. त्याला ती बोटं कळली नव्हती. बापाच्या मानेच्या फुगलेल्या शिरा बघून त्याचा जीव कळवळला होता, इतकंच.

आसोमुआ खोकत उठून बसला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल.

"सोडलंस," तो म्हणाला. "याही वेळी सोडलंस. रानिएरा जाईल."

"बरं, बाबा," फेतू म्हणाला. त्याने वाकून माझा दुमडलेला कोपरा सरळ केला आणि तो बाहेर गेला. पुढे तोही ब्रिस्बेनला गेला, पण परांच्या बांधायच्या कामावर. तो पुन्हा कधी लढला नाही. रविवारी चर्चनंतर त्याचा फोन यायचा. आईशी भरभरून बोलायचा. फोन बापाकडे गेला की दोघे हवापाण्याचं बोलायचे.

हळूहळू शिष्य पांगले. माझ्या पोटात उंदरांनी संसार थाटला. आसोमुआ मात्र रोज यायचा, त्याच जागी बसायचा, हात मांडीखाली घालायचा आणि बोटांनी मला तीनदा थोपटायचा. एकदा तो फोन घेऊन आला होता. बराच वेळ तो नुसता हातात धरून बसला आणि तसाच उठून गेला. मला फार वाईट वाटलं. मग एके दिवशी तो आलाच नाही.

अंत्यविधीला नातेवाईक रेशमासारख्या मऊ, विणलेल्या चटया घेऊन आले. आसोमुआच्या लोकांत अशा चटयांचा मान मोठा. त्या उघडून, मिरवून अर्पण केल्या गेल्या. मला फिनाईलने पुसून वर चादर घातली, पाहुण्यांना बसायला. त्याही अंथरायच्या आणि मीही अंथरायची, पण ज्याचं त्याचं नशीब.

फेतू आला आणि नेमका त्याच जागी बसला. लोसा शेजारी टेकली.

"इथेच बसायचे रे तुझे बाबा. रोज. आणि काहीतरी असं करायचे. मी म्हटलं, म्हातारचळ."

तिने उजवा हात मांडीखाली घातला आणि मला थोपटलं. थप, थप, थप.

फेतू तिच्या हाताकडे बघतच राहिला. "परत कर, आई."

तिने परत केलं. फेतू वाकला, त्याने चादर बाजूला सारली आणि कपाळ माझ्यावर टेकलं. त्याचे अश्रू माझ्या भेगांत उतरले.

"सोडलं होतं, बाबा," तो म्हणाला. "तुम्ही थोपटलंत तेव्हाच सोडलं होतं."

"काय सोडलं होतंस, बाळा?" लोसाने विचारलं.

आता मला भंगारात काढायचं चाललं आहे. काढा. मित्रांनो, तुमच्या मॅट वापरून झाल्यावर पुसत जा आणि वाळवून गुंडाळत जा, म्हणजे त्या माझ्यासारख्या कुजणार नाहीत. घट्ट धरायला शिका, वेळेवर सोडायलाही शिका. आणि हरलात तर हात उचलून जोरात आपटा, समोरच्याला ऐकू जाईल असा. हळूच थोपटलेलं फक्त मला कळलं, आणि फेतूला सांगायला मला वाचा नव्हती.