नुसतं शेजारी बसायचं

प्रवेश अधिकाऱ्याने तिसरी किल्ली लावली तेव्हा कुठे दिव्यांग विद्यार्थ्यांच्या साहाय्य कक्षाचं कुलूप निघालं. आत कुबट वास. मोडक्या बाकांचा ढीग, मागच्या संमेलनाची फाटकी कमान, आणि मधोमध प्लास्टिकसुद्धा न काढलेली कोरी चाकाची खुर्ची.

"अहो, हिला चालता येतं," आई म्हणाली. "वाचताना अक्षरं जागेवर राहत नाहीत हिची. ऐकलं की सगळं कळतं."

"हो हो. पण तपासणीला काहीतरी दाखवावं लागतं ना." मग तो लेकीकडे वाकला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडला, "बाळ, बस हं. बस."

बाळ अठरा वर्षांची होती. ती उभीच राहिली.

आईने ओठांवर आलेली शिवी गिळली. उद्या प्रवेशाची मुदत संपत होती आणि हे तिसरं महाविद्यालय होतं. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने "आमचा निकाल घसरेल" म्हणून हात झटकले होते. काल दुसऱ्यात कार्यशाळेचा मास्तर लेकीवर खेकसला होता, "आधी केस बांध, यंत्रात जातील. ही मोटर का तापते, सांग." आईने उत्तर दिलं, तर म्हणाला, "बाई, तुम्हाला विचारलं नाही." तिने लेकीचा हात धरला आणि ती तडक निघून आली होती.

अधिकाऱ्याने त्यांना गारेगार केबिनमध्ये नेलं, थंड पेय मागवलं आणि आवाज खाली आणला.

"परीक्षेची चिंता सोडा. लेखनिक आमचाच असतो, पोरगा हुशार आहे. उत्तरं त्याला येतात. हिने नुसतं शेजारी बसायचं. आजवर असं एकही मूल नापास नाही आमच्याकडे."

आईने पेयाचा ग्लास दूर सारला. पण त्याआधी, पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ, तिचे खांदे सैल पडले होते. वर्षानुवर्षं धडे वाचून दाखवत घसा फोडून घेतलेल्या बाईचे खांदे. लेकीने ते पाहिलं.

"मग मी यायचं कशाला?" लेक म्हणाली.

तो हसला. आईकडे बघून म्हणाला, "गोड आहे हो."

दोघी फाटकाबाहेर आल्या.

"कालचं घेऊ," लेक म्हणाली.

"तो मेला मास्तर? तोंडाला लगाम नाही त्याच्या. किती खेकसला तुझ्यावर."

"खेकसला ना. माझ्यावर."

"आणि उत्तर आलं नाही म्हणजे?"

"येत होतं. तू आधी बोललीस."

आई पदराने मान पुसत राहिली. ऊन नव्हतं तरी.

लेकीने पुढे होऊन टॅक्सी थांबवली. कालच्या महाविद्यालयाचा रस्ता ती सांगू लागली. डावं म्हणाली, हात उजवीकडे केला, थांबली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. टॅक्सीवाला वैतागला. त्याने लेकीच्या खांद्यावरून आईकडे पाहिलं.

आई समोरच्या दुकानाची पाटी वाचत उभी होती.