चरातल्या फळ्या

तय्यबनं पहार घालून पहिली फळी उचकटली, तेव्हा त्याचा धाकटा भाऊ रहीम पुरुषभर खोल चरात, नळाच्या जोडावर उकिडवा बसला होता. जोड पाझरत होता.

“भाई, फळ्या काहून काढून राह्यला?”

“दौलतरावानं मांगतल्या. उद्या साहेब नळ सुरू कराले येऊन राह्यले. त्यायले उभं राह्याले चौथरा पायजे.”

“माती वली झाली हाय. जोड होऊ दे.”

तय्यब थांबला. सुतार तो, दोन्ही अंगांनी फळ्या लावून मधे आडवे दांडे त्यानंच ठोकले होते. काळी माती कोरडी असली की भिंतीसारखी उभी राहते, पाणी मुरलं की तिचा काही नेम नाही, हे रिसोडाकडलं शेंबडं पोरही सांगेल. गावच्या पाणी कमिटीच्या दौलतरावांना काय ठाऊक नव्हतं? पण साहेबाच्या बुटाला चिखल लागायला नको होता ना.

“महिनाभर उभी हाय न माती?” काठावरून दौलतराव म्हणाले. “आजच काय धाड भरली तिले? काढ.”

तय्यबला वर्षभराचं सुतारकाम मिळायचं ते दौलतरावांच्याच घरचं.

“आटप लवकर,” तय्यब खाली वाकून म्हणाला, आणि दांडे सोडत गेला.

माती आली तेव्हा फार आवाजही झाला नाही. सगळ्यांनी हातांनी उकरलं. रहीम सापडला, पण दम गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले, चौथऱ्यावर उभे राहिले, नळ सुरू करून गेले. जनाजा दुपारचा होता. मय्यत कबरीत ठेवली की वर फळ्या मांडायच्या आणि मग माती लोटायची, अशी रीत. तय्यब निघाला तेव्हा रहीमची बायको हलिमा दारात आली.

“भाई, त्यायच्या अंगावर माती पडू देऊ नका.”

तय्यबला तिच्याकडे बघवलं नाही. गावात फळ्या होत्या त्या चौथऱ्याच्याच. तो तिथं जाऊन नुसता उभा राहिला.

“ने बाबा, लागतील तेवढ्या ने,” दौलतराव म्हणाले. “अशा कामाले कोन नाई म्हनन?”

कबरीत उतरून तय्यबनं फळीला फळी भिडवली. फटी गवतानं बुजवल्या, पुन्हा हात फिरवून पाहिला. कुठं सूतभर जागा ठेवली नाही.

मग वरून लोक माती लोटू लागले. फळ्यांनी ती सगळी पेलली. रहीमच्या अंगावर एक ढेकूळ पडलं नाही.