तिसरा भ्रूण

वंध्यत्वावरच्या त्या दवाखान्यात लॅबवाल्यावर नजर ठेवायला ताईला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं काम एवढंच, प्रत्येक उपचाराची नोंद पाच दिवसांच्या आत सरकारी पोर्टलवर चढवायची. पण तो माणूस तिला पहिल्यापासून खटकायचा. खिशात वही, वहीला रबर, आणि कुणी जवळ आलं की वही बंद. सरळ माणसाला एवढी लपवाछपवी हवीच कशाला?

आज तिनं धाकट्या बहिणीची नोंद उघडली. बहिणीचे तीन भ्रूण तयार झाले होते. दोन गर्भाशयात सोडले, ते टिकले नाहीत. तिसरा गोठवून टाकीत ठेवलेला. बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा बीज मिळायची आशा डॉक्टरीणबाईंनीही सोडली होती, त्यामुळे जे काय होतं ते या तिसऱ्यावर. उद्याच तो सोडायचा होता. पोर्टलवर मात्र त्याच्यापुढे लिहिलेलं: नष्ट केला.

झालं! ताईचं डोकंच फिरलं. हातून पडला असेल, नाहीतर दुसरीलाच दिला असेल, वर साळसूदपणे नोंद बदलली असेल. तिनं डॉक्टरीणबाईंना खरमरीत तक्रार पाठवली आणि तडक लॅब गाठली.

लॅबवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. नोंद कुणी केली ते पोर्टलवर दिसतंच, बघा की, म्हणाला. ताईनं मोठ्या तोऱ्यात बघितलं. नाव तिचंच होतं. चौदा महिन्यांपूर्वीचा शुक्रवार, सहाला दहा कमी.

मग हळूहळू आठवलं. भ्रूणांची बेरीज जुळल्याशिवाय पोर्टल फॉर्म घेत नाही. त्या दिवशी मुदत संपत होती, गोठवल्याचा कागद लॅबमधून आला नव्हता. उरलेला एक तिनं 'नष्ट'च्या रकान्यात ढकलला, सोमवारी दुरुस्त करू म्हणून. फॉर्मवर नुसता नंबर असतो. तो कुणाचा, हे तिनं पाहिलंसुद्धा नव्हतं. आणि सोमवारी विसरली.

नष्ट झालेल्यांची यादी दर महिन्याला लॅबमध्ये जायची, तिच्याच सहीनं. त्या यादीवरून टाक्या रिकाम्या होतात. ताईनं लॅबवाल्याकडे पाहिलं.

"यादीप्रमाणे तुम्ही तो..."

लॅबवाल्यानं वहीचं रबर काढलं, एका ओळीवर बोट ठेवलं. "टाकीतच आहे. वहीशी जुळल्याशिवाय मी काही फेकत नाही."

"म्हणजे माझ्या नोंदींवर तुमचा भरवसा नव्हता?"

"नव्हता," तो म्हणाला.

ताईला रडूच आलं. पोर्टलवर नष्ट असलेला भ्रूण सोडता येत नाही. उद्याच्या आत दुरुस्तीचा अर्ज जायला हवा होता, आणि त्यात चूक कुणाची ते लिहावं लागतं. खोट्या नोंदीला नोकरी जाते, हे नव्या मुलींना तीच शिकवायची.

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टरीणबाईंनी तक्रार वाचली होती, लॅबवाल्याला ताबडतोब वर बोलावलं होतं. तो निघाला.

ताईनं डोळे पुसले. "तुम्ही टाकीपाशी थांबा," ती म्हणाली, "वर मी जाते."