प्रकाशित म्हणजे उजेडात असलेला

आमच्या कॉलेजची संशोधन पत्रिका फ्लॉपीवर काढायची कल्पना रतनलाल शेठजींची. शेठजी संस्थेचे अध्यक्ष. धुळ्यात त्यांची सरकी-पेंडीची पेढी, आणि पेढीवर कॉम्प्युटर आल्यापासून त्यांना कागद या वस्तूचाच राग यायला लागला होता. चौऱ्याण्णव सालच्या स्नेहसंमेलनात त्यांनी एक काळी चौकोनी फ्लॉपी उंच धरली आणि माइकवर म्हणाले, "पूरा अंक इसमें! कागदाचा जमाना गया. छापखान्याला आपला आजपासून रामराम." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण माझी नोकरी तात्पुरती होती आणि शेठजी पहिल्या रांगेकडे बघत होते.

मी लता भारंबे, वनस्पतिशास्त्र शिकवते. रावेर-सावद्याकडच्या केळीच्या पानांवर पिवळे ठिपके पडतात, त्यांच्यामागे मी लग्न झाल्यापासून लागले होते. बागा हिंडले, पानं सुकवली, चिखल तुडवला, सासूची बोलणी खाल्ली, आणि शेवटी एक लेख लिहिला. विज्ञान शाखेत कायम नोकरीची जागा एकच होती आणि उमेदवार दोन: मी, आणि गिरणेतल्या खेकड्यांवर लिहिणारे प्राणिशास्त्राचे छगन देसले सर. ज्याला जागा मिळणार नाही त्याची नोकरी त्याच उन्हाळ्यात संपणार होती. माझा नवरा दीपनगरच्या वीज केंद्रात. म्हणजे जागा गेली की मी तिथल्या क्वार्टरात जाऊन भिशी चालवायची, हे ठरलेलंच होतं.

नियम एवढाच होता, की उमेदवाराचा लेख पत्रिकेत प्रकाशित झालेला असावा. आमचे लेख कॉम्प्युटरवर टाइप झाले आणि ज्याला त्याला आपापल्या लेखाची एकेक फ्लॉपी मिळाली. हस्तलिखितं मात्र शेठजींनी कागदमुक्तीच्या भरात रद्दीत घातली. पुढे बरेच दिवस पारोळा रोडवरचा भजीवाला माझ्या ठिपक्यांत भजी बांधून देत होता. मी त्याच्याकडे जाणं सोडलं.

छाननी समिती म्हणजे शेठजी आणि कौतिक नाना. नाना मराठीचे सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापक. शब्दाच्या मुळाशी गेल्याशिवाय हा माणूस चहासुद्धा घेत नसे. 'अर्धा कप' म्हणजे कपाचा अर्धा की अर्धवट कप, यावर त्यांनी एकदा कॅन्टीनवाल्याला रडवलं होतं. मी फ्लॉपी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती खिडकीकडे धरून उलटसुलट पाहिली.

"मॅडम, लेख कुठे आहे?"

"आत आहे, नाना."

"दिसत नाही."

"तो असा दिसत नसतो."

"मग मी त्याला प्रकाशित कसा म्हणू?" नानांनी चष्मा काढला. "प्रकाशित म्हणजे प्रकाशात आलेला. हा तर अंधारात बसलाय."

मी त्यांना कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं. तिथं धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. देवळाबाहेर नसेल एवढी शिस्त त्या दारात होती. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली तसे नाना खूश झाले. "आता झाला प्रकाशित!"

मी कळ दाबून पुढचा मजकूर आणला.

"थांबा, थांबा! पहिलं पान कुठे गेलं?"

"वर सरकलं."

"म्हणजे पुन्हा अंधारात गेलं. तुमचा लेख एका वेळी पंचवीसच ओळी प्रकाशित होतो, मॅडम."

मी काही बोलणार तेवढ्यात लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबला आणि पडदा काळा झाला. नानांनी अंधारातच खिशातून पेन काढलं आणि फाइलवर शेरा मारला: 'सदर लेख काही काळ प्रकाशित होता.' काही काळ! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण तात्पुरत्या बाईला तिळपापड गिळून 'बरं, नाना' म्हणावं लागतं, तसं मी म्हटलं.

शेठजींना हा अर्थ फार पटला. त्यांनी निकालच दिला, "मुलाखतीच्या दिवशी समिती सही करेल तेव्हा ज्याचा लेख उजेडात, उसकी नौकरी पक्की. ओळी पंचवीस चालतील. अपना दिल बडा है."

त्यानंतर कॉलेज बिघडलं ते बिघडलंच. इतिहासाच्या एका सरांनी संदर्भसूचीत प्रत्येक नोंदीपुढे 'लाइट असल्यास पाहावे' असं लिहिलं. स्टाफरूममध्ये कुणी कुणाचा लेख खोडून काढला की ज्याचा लेख तो म्हणे, "तुम्ही खोडलात तेव्हा तो प्रकाशित नव्हताच!" आणि वाद मिटे. मला पाहिलं की सगळ्यांना एकच म्हण आठवे. नवरा वीज बनवतो आणि बायकोचा लेख अंधारात, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ऐकून ऐकून माझे कान किटले.

रविवारी नवरा दीपनगरहून आला. त्याचं नाव चुडामण, स्वभाव थंड. मी सगळा राग त्याच्यावर काढला.

"एवढी वीज करता तिकडं, एका सकाळपुरती इकडं पाठवता येत नाही?"

"अवं, वीज का डब्यात भरून आनता येते?" तो म्हणाला. "मी केली तरी ती कुठी जाते, हे मले तरी कोन सांगते? आपल्या क्वार्टरातबी जातेच नं लाइट."

"मग करता कशाला?"

"पगार भेटतो नं!" असं म्हणून तो माझ्याच हातची शेवभाजी ओरपत बसला. मला हसूही आलं आणि रडूही. नोकरी माझी जाणार होती, आणि ती ठिपक्यांवरून गेली असती तर मी समजूनही घेतलं असतं.

छगन सर मात्र स्वस्थ बसले नव्हते. त्यांच्या मेव्हण्याची कापसाची जिनिंग होती. मुलाखतीच्या सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जिनिंगचा जनरेटर आला आणि कॉम्प्युटरच्या खोलीच्या खिडकीखाली उभा राहिला. मे महिना होता. धुळ्यातला मे. सकाळीच डांबर चपलांना चिकटत होतं.

"ताई, काळजी करू नका," छगन सर मला म्हणाले, "तुमचा लेख लाइटवर, माझा डिझेलवर. ज्याचं त्याचं नशीब."

सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि आत बसलो. पहिली मी. फ्लॉपी घातली, अक्षरं उमटली, नानांनी पेनाचं टोपण काढलं, आणि लाइट गेली. टोपण तसंच परत बसलं.

खाली जनरेटर धडधडायला लागला. छगन सरांनी माझी फ्लॉपी काढून माझ्या हातात दिली आणि आपली घातली. पडद्यावर खेकडे आले.

"माझीही घाला ना पाच मिनिटं," मी म्हटलं. "वीज तीच आहे."

"वीज त्यांची आहे, मॅडम," शेठजी म्हणाले. "दुसऱ्याच्या दुकानात आपला माल कसा विकणार?"

नानांनी टोपण पुन्हा काढलं. त्या क्षणी मला काय झालं ते माझं मलाच कळलं नाही. मला रावेरच्या बागा दिसल्या नाहीत की आईवडील आठवले नाहीत. मला फक्त भिशीच्या बायका दिसल्या, रांगेनं बसलेल्या, आणि मी ओरडले, "नाना! चंद्र कसा असतो?"

नाना दचकले. "कसा म्हणजे?"

"परप्रकाशित ना? दुसऱ्याच्या उजेडावर चमकतो तो परप्रकाशित. मग मेव्हण्याच्या जनरेटरवर चमकणारा लेख कोणता झाला?"

नानांचं पेन हवेत थांबलं. शब्द त्यांच्या मर्मावर लागला होता. "परप्रकाशित," ते हळूच म्हणाले. "नियमात 'प्रकाशित' आहे. 'परप्रकाशित' नाही."

"आणि सूर्य?"

"सूर्य स्वयंप्रकाशित."

"मग चला बाहेर," मी म्हटलं. मागचं दार उघडून मी अंगणात गेले आणि फ्लॉपी सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवली. लख्ख उन्हात. "हा बघा लेख. उजेडात आहे की नाही?"

मागोमाग समिती आली. अनवाणी. चपला पुढच्या दाराशी होत्या. अंगणातली फरशी सकाळपासून तापलेली, आणि तिच्यावर संस्थेचे अध्यक्ष व मराठीचे ज्येष्ठ प्राध्यापक एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारायला लागले.

"पण ओळी?" छगन सर दारातल्या सावलीतूनच ओरडले. "पडद्यावर ओळी दिसत होत्या, इथं काय दिसतं?"

"पूर्ण लेख उजेडात आहे," मी म्हटलं. "पंचवीस ओळी नाही, अख्खा. नाना, नियमात प्रकाश म्हटलंय की ओळी?"

"प्रकाश," नाना उडी मारत म्हणाले. "हाय हाय! प्रकाशच."

"त्या जनरेटरची तार बाहेर ओढा!" छगन सर म्हणाले. "माझाही बाहेर आणतो!"

"छगनभाऊ, जाऊ द्या," शेठजी कळवळले. "पाव जल गया! नाना, सही करो."

नाना आयुष्यभर प्रमाण मराठी बोलले. ऑफिसात त्यांच्या तोंडून गावचा शब्द कुणी ऐकला नव्हता. पण त्या फरशीनं त्यांना मुळाशी नेलं. "मायवं! बठ्ठा उजाये शे!" सगळा उजेडच आहे, असं ते ओरडले. "आणा तो कागद, सही करी देस!" फाइल माझ्या पाठीवर ठेवून त्यांनी सही केली, त्यांच्या पाठीवर ठेवून शेठजींनी केली, आणि दोघं आत पळाले.

मी कायम झाले.

छगन सर आत जाऊन जनरेटर बंद करायला सांगू लागले. मी अंगणात एकटीच राहिले. मला एवढा आनंद झाला होता की पायांना चटके बसताहेत हेही कळत नव्हतं. मग मी कट्ट्याकडे वळले. फ्लॉपी वळली होती. ज्वारीची बिबडी, म्हणजे आमच्याकडचा पापड, गच्चीवर वाळताना चारी कडांनी जशी वर उचलते, तशी. मी ती उचलली तर बोटं भाजली. आत आणून सपाट करायला गेले, तर कडेला कट्टकन आवाज झाला. एव्हाना लाइट आली होती. कॉम्प्युटरनं फ्लॉपी तोंडात घेतलीच नाही.

रद्दीतला कागद भज्यांबरोबर गेला होता. टाइप केलेलं दुसरीकडे कुठंच नव्हतं. केळीच्या पानांवरचे माझे ठिपके, इतक्या वर्षांचे, त्या काळ्या बिबडीत होते आणि आता तिथंही नव्हते. मी खोलीच्या कोपऱ्यात उभी राहून रडले. कॉलेजात रडायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण आता मी कायम होते.

तेवढ्यात नानांनी ऑफिसातून हाक मारली. ते बादलीत पाय सोडून बसले होते, शेजारी शेठजींचे पाय दुसऱ्या बादलीत. समोर माझ्या नेमणुकीचा हुकूम टाइप होत होता. नाना पुन्हा शुद्ध मराठीत आले होते.

"अभिनंदन, मॅडम. हुकुमात एक रकाना राहिलाय. लेखाचा विषय." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काय होता हो विषय?"

मी शेठजींकडे पाहिलं. शेठजींनी नानांकडे पाहिलं.

"उजेड," मी म्हटलं.

"छान विषय आहे," नाना म्हणाले, आणि तसं टाइप करायला सांगितलं.