चार बोटं जागा

मित्रांनो, मी एक जुनी जपानी गाडी आहे, पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी. मंगोलियात, उलानबातरच्या टेकडीवरच्या वस्तीत, गोंबोसुरेनच्या कुंपणापाशी विटांवर उभी आहे. माझ्या टपावर त्याची बायको त्सेरेनदुलाम दह्याच्या वड्या वाळत घालते. आता तेवढाच माझा उपयोग.

जपानात एका शिक्षिकेने मला नऊ वर्षं सांभाळलं. मग मी बोटीने आणि रेल्वेने इथे आले. गोंबोसुरेनने मला घेतलं त्या दिवशी त्सेरेनदुलामने इथल्या रीतीप्रमाणे, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून, चाकांवर दूध शिंपडलं. पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या जीपचं गोठलेलं इंजिन गरम करायला तिच्याखाली रोज सकाळी जाळ करावा लागे, मी मात्र पहिल्या हाकेला उठत असे. गोंबोसुरेन शेजाऱ्यांना ऐकवायचा, "हिच्यात बिघडण्यासारखं काही नाहीच." कौतुकाने मीही फुगले. तिथेच आमचं दोघांचं चुकलं.

माझ्या मागच्या सीटच्या कडेला एक छोटी जाळी आहे. तिच्यातून हवा घेऊन एक पंखा माझी मोठी बॅटरी थंड ठेवतो. गोंबोसुरेनच्या आईने माळरानावरून स्वतः कमावलेलं मेंढीचं कातडं पाठवलं. त्याने ते सीटवर पसरलं, थेट जाळीवरून. हिवाळा गेला, उन्हाळा आला, कातडं तिथेच. लोकर आत जात राहिली आणि माझा जीव गुदमरू लागला.

समोर तांबडा दिवा लागला तेव्हा तो मला दाशझेवेग मिस्त्रीकडे घेऊन गेला.

"अरे गोंबो, तू हिचं नाक बुजवलंयस," म्हातारा म्हणाला. "पंखा साफ करून देतो, अर्ध्या तासाचं काम. आणि हे कातडं सरकव."

"आईच्या हातचं आहे काका. काढून कसं टाकू?"

"टाक कोण म्हणतंय? चार बोटं सरकव. नाहीतर स्वतःचं नाक दाबून एकदा डोंगर चढून बघ."

गोंबोसुरेन हसला. पंखा पुढच्या आठवड्यात बघू म्हणाला आणि दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. त्सेरेनदुलामने विचारलं तर म्हणाला, "जपानी गाडी आहे, उगाच घाबरते."

जुलैत फोन आला. आई अंथरुणाला खिळली होती, सारखी त्याचं नाव घेत होती. आम्ही माळरानाकडे निघालो, तेव्हा त्सेरेनदुलामने पुन्हा चाकांवर दूध शिंपडलं. मित्रांनो, माझ्या चाकांना दूध मिळालं, पंख्याला साधी फुंकर मिळाली नाही.

भर उन्हात खिंडीचा चढ लागला. मी शर्थ केली, पण माथ्यावर वाटसरू देव म्हणून दगडांची रास रचतात, तिच्या अलीकडेच बंद पडले. गोंबोसुरेनने चिकटपट्टी ओरबाडून काढली, माझ्या दाराला लाथ मारली आणि रस्त्यावर बसून रडला. एका ट्रकवाल्याने त्याला घेतलं, पण तो सकाळी पोचला. आई आदल्या संध्याकाळीच गेली होती.

मला ओढून परत आणल्यावर दाशझेवेगने माझ्या पंख्यातून मूठभर लोकर काढली आणि ती गोंबोसुरेनच्या हातावर ठेवली. बॅटरी जळाली होती, मिस्त्रीने ती काढून नेली. आजही आल्यागेल्याला गोंबोसुरेन सांगतो की या गाडीने ऐन वेळी दगा दिला. हे ऐकून मला फार राग येतो, पण माझं कोण ऐकणार?

काल त्याने दुसरी गाडी आणली, माझ्याच जातीची, माझ्याहून थोडी नवी. चाकांवर दूध शिंपडून झालं. मग त्याने माझ्यातलं कातडं काढलं, झटकलं, कपाळाला लावलं आणि तिच्या सीटवर नीट पसरलं.

"चार बोटं सरकवा ना," त्सेरेनदुलाम हळूच म्हणाली.

"आईची आठवण आहे ती," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी गाडी असेल तर एवढं करा. ती जाळी शोधा, मोकळी ठेवा, दिवा लागला तर झाकू नका. आईची आठवण चार बोटं सरकवल्याने कमी होत नाही. तेवढी सरकवली असती, तर त्या संध्याकाळी म्हातारीला दारात तिचा मुलगा दिसला असता.