आरीची दोन भोकं

आमचे हे पुस्तकं बांधतात. साखरेचं दुखणं बारा वर्षांचं. सोमवारी ते डाव्या हाताने जेवायला लागले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

"उजव्याला काय झालं?"

"आरी लागली. शिवणीची भोकं पाडताना निसटली."

हात ओढून पाहिला. तर्जनीच्या मुळाशी दोन बारीक भोकं, शेजारी शेजारी.

"दोनदा लागली?"

"हो, दोनदा. तू काय फौजदार झालीस का?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनीही विचारलं, "नक्की आरीच ना? काही चावलं तर नाही?"

"आरीच," हे म्हणाले, माझी नजर चुकवून. बाईंनी धनुर्वाताचं इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या.

बुधवारी सकाळी बोट फुगून वाकेना. तरी यांचं एकच पालुपद, "दुखत नाही गं." दुखणार कसं? साखरेने बोटं कधीच बधिर झाली होती.

मी यांच्या दुकानाची किल्ली घेतली आणि तडक तिथे गेले. कागद कापायच्या यंत्रामागे चिंध्यांचं अंथरूण, बशीत दूध, तीन पिल्लं, आणि माझ्यावर फिसकारणारी मांजर. दोन महिन्यांपूर्वी "घालवली" म्हणून सांगितलेली तीच.

घरी येऊन म्हटलं, "दातांना आरी कधीपासून म्हणायला लागलात?"

त्यांनी मान खाली घातली. "पिल्लू उचलायला गेलो होतो."

डॉक्टरीणबाई भडकल्याच. "मांजराचा दात सुईसारखा असतो. वरून टिंब दिसतं, घाण खोल जाते. त्यात तुमची साखर! कालच खरं बोलला असतात तर औषधच वेगळं दिलं असतं."

मोठ्या दवाखान्यात साखर तीनशे नव्वद निघाली. दुपारीच बोट उघडून पू काढला. शिरेतून औषध, इन्शुलिन, रेबीजची इंजेक्शनं, सगळं सुरू झालं. आणखी दोन दिवस गेले असते तर बोट कापावं लागलं असतं, असं सर्जन म्हणाले.

मांजरीवर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं होतं. ते काम माझ्याच गळ्यात पडलं. ठणठणीत राहिली बया.

बोट वाचलं, पण वाकत नाही. हे आता मधल्या बोटाने दोरा ओढतात, सावकाश.

"खोटं का बोललात?" मी एकदा विचारलं.

"तू तिला हाकललं असतंस."

"असतंच."



आता "गोळी घेतली" म्हणाले की मी पाकिटातल्या गोळ्या मोजते. "साखर ठीक आहे" म्हणाले की यंत्रावरचा आकडा बघते. त्यांना ते आवडत नाही. मलाही नाही.