एक तुझं, एक माझं

मित्रांनो, मी एक जुनी प्लेलिस्ट आहे. हसू नका. तुमच्याही घरातल्या फोनांत माझ्या कितीतरी बहिणी असतील. कुणी अभ्यासाच्या वेळी लागते, कुणी व्यायामाच्या, तर कुणी बिचारी नुसतीच पडून असते. मी ज्या फोनमध्ये राहते त्याचा एक कोपरा तडकला आहे आणि काचेवर पांढऱ्या, पिवळ्या, फिकट निळ्या रंगाचे शिंतोडे आहेत. मला स्वतःला ना रूप ना रंग. एकामागून एक लावलेली गाणी, एवढीच मी. तरीही माझा जन्म भांडणातून झाला आणि पुढे एकदा माझे अर्धे अंग काढून टाकले गेले. त्याची हकीकत तुम्हांला सांगावीशी वाटते.

माझा मालक रंगारी आहे. चित्रे काढणारा नव्हे, घरे रंगवणारा. त्याची बायकोही त्याच्या जोडीने काम करते. मोठ्या भिंतींवर रोलर फिरवायचा तो, आणि भिंत जिथे छताला भिडते, खिडकीची चौकट जिथे सुरू होते, तिथला बारीक काठ ओढायची ती. तिचा हात असा सरळ की पट्टी लावून रेघ मारली आहे असे वाटावे. म्हणून तो तिला लाडाने, आणि कधीकधी चिडवायला, काठवाली म्हणतो. आपणही तिला तेच म्हणू.

दोघांचे सगळ्या बाबतीत पटायचे, एक गाणी सोडली तर. त्याला रॉक आवडायचे. नुसता दणदणाट नव्हे हं. गिटारचा जोर असला तरी चाल गोड, एकदा ऐकली की दिवसभर ओठांवरून न हलणारी. काठवाली दर रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्यांच्या पुढे उभी राहणारी. तिला उपासनेची गाणी हवी असत, प्रभूची स्तुती करणारी, हळूहळू चढत जाणारी. आता फोन एक, आणि त्यावर एका वेळी गाणेही एकच लागणार. त्याचे गाणे लागले की भिंत थरथरते आणि आपला काठ वाकडा येतो, अशी तिची तक्रार. तिच्या गाण्याने रोलरला झोप येते, हे त्याचे म्हणणे. दोघे हमरीतुमरीवर यायचे आणि मध्ये बादलीतल्या रंगावर साय धरायची.

शेवटी त्यांच्या लेकीने निवाडा केला. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघांना समोरासमोर बसवले आणि त्याचे एक गाणे, त्याखाली तिचे एक, पुन्हा त्याचे, पुन्हा तिचे, अशी मला रचत नेली. नियम असा की एकाचे गाणे चालू असताना दुसऱ्याने कुरकुर करायची नाही आणि गाणे पुढे ढकलायचे तर मुळीच नाही. एक तुमचं, एक माझं, असे म्हणून काठवालीने मान डोलावली. रंगाऱ्याने ते एक माझं, एक तुझं असे फिरवून घेतले आणि मगच कबूल झाला. अशी मी जन्माला आले. मी घडले तेव्हा टेबलावर चहाचे कप होते आणि लेक मनापासून हसत होती, हे मला अजून आठवते.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. मित्रांनो, रंगवायला काढलेले घर रिकामे असते, सामान सगळे मधोमध आणि त्यावर जुन्या चादरी. अशा खोलीत आवाज काय सुंदर घुमतो! मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे, काठवाली शिडीवर चढायची, आणि तो खाली एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने रोलर चालवायचा. हळूहळू त्यांना एक सवय लागली. गाणे संपले की शिडी सरकवायची. एका गाण्यात तिचा हात पोचेल तेवढा काठ व्हायचा. ती दोन पायऱ्या उतरायची, तो शिडी ढकलायचा, तोवर दुसऱ्याचे गाणे सुरू झालेले असायचे. कुणी कुणाला काही सांगत नसे. रंगाचा पहिला हात असो की दुसरा, सगळी भिंत माझ्या तालावर पुढे सरकायची. मला तेव्हा फार अभिमान वाटायचा, खोटे कशाला बोलू?

काठवालीचे एक गाणे होते, जवळजवळ कुजबुजीत संपणारे. त्याच्या पाठोपाठ रंगाऱ्याचे सर्वांत लाडके गाणे यायचे. त्याच्या सुरुवातीला एकटीच गिटार जिना चढावा तशी वर चढत जाते, आणि तो रोलरच्या दांड्यावर बोटे नाचवत आपणच ती वाजवतो आहोत असा आव आणायचा. शिडीवरून ती म्हणायची, "वाजवा वाजवा, रंग माझ्या डोक्यावर उडवू नका म्हणजे झालं."

एकदा चर्चचे सभागृह रंगवायचे काम आले. त्या दिवशी तरी त्याची गाणी लावू नका, असे तिने बजावले होते. पण कामाच्या नादात दोघेही विसरले. नेमके तिथले धर्मगुरू, पाळकसाहेब, दारात उभे राहिले आणि त्याचे गाणे दणक्यात सुरू झाले. काठवाली शिडीवरून जवळजवळ उडी मारूनच खाली आली. तिने माझ्या काचेवर बोट आपटले, पण बोटाला ओला रंग. रंगाचे बोट फोन जुमानत नाही. तिने दुसरे बोट लावले, मग कोपर लावले. आणि मी आपली गातेच आहे. पाळकसाहेब गाणे संपेपर्यंत उभे राहिले आणि मग म्हणाले, "मधलं गिटारचं जे आहे ना, ते पुन्हा ऐकता येईल का?" रंगारी पुढे आठवडाभर याच रुबाबात वावरत होता.

हळूहळू काय झाले, ते फक्त मला कळत होते. त्याचे गाणे लागले की शिडीवरच्या पायाचा अंगठा ठेका धरायचा. आणि तो ब्रश धुताना, आपल्याला कुणी ऐकत नाही असे समजून, तिचे स्तुतिगीत गुणगुणायचा. पण कबूल कोण करणार? ‘चुकून आलं तोंडात,’ असे दोघेही म्हणायचे.

आता थोडा कठीण भाग सांगते. एका सकाळी घरीच रंग ढवळताना रंगाऱ्याच्या हातातली काठी गळून पडली. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. दवाखान्याने जीव वाचवला, पण उजवा हात सैल पडला आणि बोलणे गेले. समोरचे सगळे कळायचे, ओठ हलायचे, पण शब्द फुटत नसे. दिवसभर ज्याच्या तोंडाला कुलूप नव्हते तो माणूस गप्प झाला. हातपाय सुधारतील, बोलण्याचे मात्र आत्ताच सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. काठवालीने डोळे पुसले आणि हाती घेतलेले काम पुरे करायला एकटी जाऊ लागली.

मदतीला रंगाऱ्याची थोरली बहीण आली. लेकीची आत्या. माणूस अगदी सोन्याचा, पण शिस्तीचा. मला रंगाऱ्याच्या उशाशी ठेवले होते. आत्याने माझे पहिलेच गाणे ऐकले आणि कपाळाला हात लावला. आजारी माणसाच्या कानाला शांतता हवी, हा दणदणाट कशाला, उपासनेची गाणी तेवढी ठेव, असे तिने लेकीला समजावले. लेकीलाही ते पटले. घाबरलेल्या माणसाला कुणाचेही पटते. तिने त्याची सगळी गाणी एकेक करून माझ्यातून काढली. मित्रांनो, मला दुखले. त्या गाण्यांचा शेजार मला वर्षानुवर्षांचा होता, आणि आता तिची गाणी एकमेकांना नुसती चिकटून उभी होती.

मी रोज दिवसा वाजत राहिले; काठवाली कामावरून परतायची तोवर मला बंद केलेले असायचे. गाणी सुंदरच होती, त्यांचा काय दोष? पण गाणे संपले की रंगारी अस्वस्थ व्हायचा. डावा हात चादरीवर मूठ वळायचा आणि भिंतीकडे सरकायचा. त्याला तहान लागली असे समजून आत्या पाणी द्यायची. पुढचे गाणे संपले की पुन्हा पाणी. बिचारा त्या दिवसांत किती पाणी प्यायला असेल, देव जाणे. तो माझ्याकडे बघायचा. मला सगळे कळत होते, पण आत जे ठेवले आहे तेवढेच मी बोलू शकते. इतके असहाय मला कधी वाटले नव्हते.

एका रविवारी दुपारी काठवाली त्याच्याजवळ बसली होती. तिचे ते कुजबुजीत संपणारे गाणे संपले. त्याच्या डाव्या हाताने मूठ वळली आणि चादरीवरून भिंतीकडे काहीतरी ढकलले. आत्या पेला घेऊन उठली. पण काठवालीने तो हात पाहिला आणि ती जागची हलेना. तो हात तिने वर्षानुवर्षे शिडीवरून पाहिला होता. तो शिडी सरकवत होता.

तिने चटकन माझ्या काचेवर बोट ठेवले. बोट कोरडे होते; मी थांबले. खोली एकदम शांत झाली. ती वाट पाहत राहिली. रंगाऱ्याच्या घशातून एक खरखरीत सूर निघाला. मग त्याच्या वरचा, मग आणखी वरचा. बेसूरच होते सगळे, पण ती गिटार होती, जिना चढणारी. माझ्यात जे गाणे उरले नव्हते ते त्याच्यात शाबूत होते. सूर संपले आणि त्याने ओठ दोनदा मिटले, उघडले.

"आता," तो म्हणाला, "माझं."

काठवाली हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली. आत्या पेला धरून तशीच उभी होती. पाणी देऊ का, असे तिने सवयीने विचारले.

"पाणी नको, ताई," काठवाली म्हणाली. "त्यांना त्यांची पाळी हवीय."

संध्याकाळी लेकीने त्याची गाणी पुन्हा माझ्यात घातली. कशानंतर काय, हे काठवाली एकेक खोली आठवून सांगत होती. एका ठिकाणी ती चुकली, तेव्हा पलंगावरून आवाज आला, "नाही." मग पुढे बरेच दिवस त्याचे बोलणे असे हरकती घेऊनच वाढत गेले. डॉक्टरांनी सांगितले की कधीकधी बोलण्याची वाट बंद होते तेव्हा गाण्याची वाट उघडी असते. आत्याने ते लक्षपूर्वक ऐकले. परवा भांडी घासताना ती कोणती गिटार तोंडाने वाजवत होती, ते मी सांगणार नाही. तिने ऐकले तर ती माझ्यावर रागावेल.

मी आता सुखात आहे. फोन म्हातारा झाला आहे, दुपारपर्यंतच दम धरतो. लेक सुट्टीच्या दिवशी रोलर चालवते. रंगारी खुर्चीत बसून डाव्या हाताने शिडी धरतो आणि गाणे संपले की ती सरकवतो. मोजके बोलतो, पण बोलतो.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. कुणाची जुनी गाणी, जुनी सवय, जुनी वस्तू आवरायला घ्याल तेव्हा आधी त्या माणसाला विचारा. त्याला बोलता येत नसेल तर त्याच्या हाताकडे बघा. तुमच्या मते जे नकोसे असते, त्यातच त्याचा जीव असू शकतो. आणि माझ्यासारखीला सांभाळा. तिच्यात नुसती गाणी नसतात, एकमेकांना दिलेला शब्द असतो.

काल एका नव्या घरात काम सुरू झाले. त्याचे लाडके गाणे लागले, त्याने डाव्या हाताने गिटार वाजवून घेतली, गाणे संपले. काठवाली दोन पायऱ्या खाली उतरली. रंगाऱ्याने शिडी सरकवली, मान वर केली आणि न अडखळता म्हणाला, "आता तुझं."